‘अन्नदाता सुखी भव’ : मराठी भोजनोत्तर तृप्तिवचनांचा सांस्कृतिक इतिहास (परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश : जेवण झाल्यावर पाहुण्याने ‘पोट भरले’ हे कोणत्या शब्दांत सांगावे, याचे संकेत प्रत्येक समाजात ठरलेले असतात. जपानी भाषेतील अशी वचने जगभर परिचित झाली आहेत. मराठीतील वचने मात्र रोजच्या बोलण्यात असूनही इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत शोधनिबंधात या वचनांची धार्मिक, भाषिक व सामाजिक पार्श्वभूमी तपासली आहे. तृप्ती बोलून दाखविण्याचा अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता, या प्रश्नाचाही परभणी जिल्हा व मराठवाड्याच्या संदर्भात विचार केला आहे.

बीजसंज्ञा : तृप्तिवचन, पंगत, आग्रह, उत्तरापोशन, पंक्तिप्रपंच, मराठवाडा.

प्रस्तावना

अन्नाचा इतिहास लिहिताना आजवर मुख्यतः काय पिकले, काय शिजले आणि कोणी खाल्ले, याकडे लक्ष दिले गेले. जेवताना व जेवणानंतर काय बोलले गेले, हा विषय लोकसाहित्याच्या किंवा शिष्टाचाराच्या पुस्तकांकडे सोपविला गेला. वास्तविक यजमान आणि पाहुणा यांच्यातील चार-दोन ठराविक वाक्यांत त्या समाजातील दान, मान, भीड, जात, लिंगभेद आणि टंचाई या सर्वांच्या खुणा उमटलेल्या असतात. ‘आता पुरे, दोन घास जास्तच गेले’ हे वाक्य वरकरणी साधे आहे. परंतु त्यात यजमानाच्या अन्नाची प्रशंसा, स्वतःच्या संयमाची ग्वाही आणि आणखी न वाढण्याची विनंती या तिन्ही गोष्टी एकत्र आलेल्या आहेत.

परभणी जिल्हा या अभ्यासासाठी अनेक दृष्टींनी उपयुक्त आहे. गोदावरीकाठचे गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी आहे. संत नामदेवांचे नरसी हे गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्यात होते. जिंतूरजवळील नेमगिरीला जैन परंपरा आहे. परभणी शहरात सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा असून तेथील उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. ज्वारी हे येथील मुख्य अन्न आणि अवर्षण हा येथील नित्याचा अनुभव. भरल्या पोटाची भाषा आणि रिकाम्या पोटाचा इतिहास या प्रदेशात जवळजवळ आढळतात.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मराठीतील भोजनोत्तर तृप्तिवचनांचे धार्मिक व वाङ्मयीन मूळ शोधणे.
२) जपानी तृप्तिवचनांशी तुलना करून मराठी वचनांचे वेगळेपण स्पष्ट करणे.
३) या वचनांमागील सामाजिक विषमतेचा, विशेषतः स्त्रिया, दलित व दुष्काळग्रस्त यांच्या संदर्भात, विचार करणे.

अभ्यासासाठी प्राचीन व मध्ययुगीन ग्रंथ, दलित आत्मकथने आणि मराठवाड्यात रूढ असलेले वाक्प्रयोग यांचा आधार घेतला असून मांडणी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीची आहे.

जपानी तृप्तिवचनांचे स्वरूप

तुलनेसाठी प्रथम जपानी वचनांचा परिचय करून घेणे आवश्यक आहे. जपानी माणूस जेवणाच्या आरंभी ‘इतादाकिमासु’ म्हणतो. त्याचा अर्थ ‘मी नम्रतेने स्वीकारतो’ असा होतो. जेवणाच्या शेवटी ‘गोचिसोसामा देशिता’ असे म्हटले जाते. यातील ‘चिसो’ या शब्दाचा मूळ अर्थ धावपळ करणे. पाहुण्यासाठी सामग्री जमविताना यजमानाने जी धावाधाव केली तिचा आदरपूर्वक उल्लेख या वचनात आहे. त्याला आधी व नंतर आदरार्थी प्रत्यय जोडून वाक्य भूतकाळात संपविले जाते. यावर यजमान ‘ओसोमात्सुसामा देशिता’ असे उत्तर देतो. ‘अगदी साधेच होते’ असा त्याचा भाव आहे.

प्रत्यक्ष पोट भरल्याचे सांगणारी वचने यापेक्षा वेगळी आहेत. ‘ओनाका गा इप्पाइ देसु’ म्हणजे ‘पोट भरले आहे’. हे वाक्य घरात व मित्रमंडळीत चालते. औपचारिक प्रसंगी मात्र पोटाचा उल्लेख टाळून ‘मोऊ जुउबुन इतादाकिमाशिता’, म्हणजे ‘मला पुरेसे मिळाले’, असे म्हणणे शिष्टसंमत मानले जाते. ‘केक्कोउ देसु’ या प्रयोगाचे ‘उत्तम आहे’ आणि ‘आता नको’ असे दोन्ही अर्थ होतात. नकार देतानाही त्यात प्रशंसेची छटा राहते.

याखेरीज ‘हारा हाचिबु’ हे वचन प्रसिद्ध आहे. पोट दहापैकी आठ भाग भरले की थांबावे, असा त्याचा आशय आहे. कैबारा एक्केन यांनी १७१३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘योजोकुन’ या आरोग्यविषयक ग्रंथात मिताहाराचा असाच उपदेश आढळतो. थोडक्यात, जपानी शिष्टाचारात तृप्ती सांगण्याची तीन अंगे आहेत : करणाऱ्याच्या श्रमाचा आदर, स्वतःच्या पोटाविषयी संकोच आणि मिताहाराची जाणीव. मराठी परंपरेत ही तिन्ही अंगे आढळतात, परंतु त्यांची जुळणी निराळी आहे.

प्राचीन आधार : विधी, विनय आणि वैद्यक

पारंपरिक ब्राह्मणी भोजनविधीत जेवणाची सुरुवात चित्राहुती, आपोशन व प्राणाहुती यांनी होते आणि शेवट उत्तरापोशनाने होतो. तळहातावर पाणी घेऊन ते प्राशन करताना आरंभीच्या मंत्रात त्या पाण्याला अमृताचे अंथरूण आणि अखेरच्या मंत्रात अमृताचे पांघरूण म्हटले आहे. येथे जेवण संपले असे कोठेही म्हटलेले नाही. अन्न दोन आवरणांच्या मध्ये सुरक्षित ठेवले, अशी कल्पना आहे. उत्तरापोशन घेतल्यानंतर पुन्हा अन्न घेता येत नाही. त्यामुळे हा विधी म्हणजे ‘आता पुरे’ हे कृतीने सांगण्याचा एक मार्ग होता. आग्रह करणाऱ्या यजमानालाही या कृतीपुढे थांबावे लागे.

बौद्ध विनयात याहून स्पष्ट नियम आढळतो. भोजन करीत असलेल्या भिक्षूला कोणी आणखी वाढू लागले आणि त्याने ‘पुरे’ असे सांगितले, तर त्यानंतर त्याने त्या दिवशी नव्याने दिलेले अन्न घेऊ नये. भिक्षू-प्रातिमोक्षातील पाचित्तिय नियमांत याचा समावेश आहे. एकदा उच्चारलेला तृप्तीचा शब्द माणसाला बांधून ठेवतो, हा विचार यामागे आहे. अजिंठा-वेरूळच्या विहारांमुळे मराठवाड्याला या परंपरेचा प्रदीर्घ वारसा लाभला आहे. हीच परंपरा चीनमार्गे जपानला पोहोचली. तेथे १३ व्या शतकात झेन आचार्य दोगेन (१२००–१२५३) यांनी मठातील भोजनाचे सविस्तर नियम लिहिले. झेन मठांत जेवण मौनात होत असल्याने वाढणाऱ्याला ‘पुरे’ हे हाताच्या खुणेने सांगितले जाते. मराठी पंगतीतही ताटावर आडवा धरलेला हात हेच सांगतो. दोन्ही खुणांचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही, परंतु तृप्ती शब्दाविना सांगण्याची गरज दोन्ही ठिकाणी भासली, हे लक्षणीय आहे.

जैन परंपरेने या विचाराला तपाचे रूप दिले. बाह्य तपांपैकी एक ‘अवमौदर्य’ किंवा ‘ऊनोदर’ हे आहे. भूक असताना पोट काहीसे रिकामे ठेवून उठणे, असा त्याचा अर्थ. आयुर्वेदानेही हाच उपदेश आरोग्याच्या भाषेत केला. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त पोटाचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नासाठी, एक भाग द्रवासाठी व एक भाग वायूसाठी मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. जपानी ‘हारा हाचिबु’चा आशय भारतीय परंपरेला नवखा नाही, हे यावरून स्पष्ट होते. फरक असा की, जपानमध्ये हा विचार लोकांच्या तोंडचे वचन बनला. मराठी समाजात तो वैद्याच्या व साधूच्या तोंडी राहिला आणि पंगतीत मात्र आग्रहाचे राज्य चालले.

मध्ययुगीन मराठीतील तृप्ती

कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता मराठवाड्यावर असताना सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यातील ‘अन्नभोग’ या प्रकरणात राजाच्या भोजनाचे तपशील आले आहेत. तेथे भोजन हा राजाचा उपभोग आहे. पाहुण्याने यजमानाशी कसे बोलावे, हा त्यातील मुख्य विषय नाही. १७ व्या शतकात रघुनाथ पंडिताने लिहिलेला ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ पदार्थांचे गुणदोष व आहाराचे नियम सांगतो. राजदरबारी व शास्त्रीय ग्रंथांतून भोजनाचे वैभव समजते, पण सामान्य माणसाच्या तृप्तीची भाषा त्यांत क्वचितच सापडते.

ती भाषा मराठी संतवाङ्मयात आढळते. महानुभाव पंथाचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ म्हाइंभटांनी १३ व्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केला. त्यात श्रीचक्रधरांच्या जेवणासाठी ‘आरोगणा’ हा आदरार्थी शब्द वापरला आहे. भक्तांनी करायचे ते जेवण आणि स्वामींनी करायची ती आरोगणा, हा भेद भाषेतील श्रेणीव्यवस्था स्पष्ट करतो. जपानी भाषेत खाण्यासाठी आदरार्थी आणि नम्रतादर्शक अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत. जुन्या मराठीतही तशी सोय होती, याचा हा पुरावा मानता येईल.

शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या भाषेत ‘धाणे’ हे क्रियापद तृप्त होणे या अर्थाने येते. ‘धाला’ म्हणजे पूर्ण तृप्त झालेला. आज हा शब्द प्रचारातून गेला आहे आणि त्याची जागा ‘तृप्त’ या संस्कृत शब्दाने घेतली आहे. तथापि संतांनी जेवणाची तृप्ती ही आत्मानुभवाची उपमा म्हणून वापरली, ही बाब महत्त्वाची आहे. ज्याचे पोट भरले तो आणखी मागत नाही. तसेच ज्याला अनुभव आला तो वाद घालीत नाही, असा हा विचार आहे.

वारकरी संप्रदायाने तृप्तीला सामूहिक रूप दिले. हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि त्यानंतर महाप्रसादाची पंगत बसते. परभणी जिल्ह्यातील गावोगावी ही प्रथा आजही जिवंत आहे. काल्यात सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या जातात, अशी मूळ कल्पना आहे. कोणाचे अन्न कोणी खाल्ले, हे काल्यात सांगता येत नाही. त्यामुळे यजमान आणि पाहुणा हा भेदही तेथे निदान तत्त्वतः उरत नाही.

पंगतीची भाषा

मराठी पंगतीचा संवाद हा एक ठरलेला क्रम आहे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण मांडले जातात, वाढप होते, श्लोक म्हटला जातो आणि ‘पुंडलिक वरदा’च्या किंवा ‘हर हर महादेव’च्या गजरानंतर यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ असे म्हणतो. या वाक्यात ‘जेवा’ अशी आज्ञा नाही. जेवण आपोआप घडणारी गोष्ट असावी, तशी तिला मोकळीक दिली आहे. पुढे वाढपी फिरू लागतात आणि आग्रहाला सुरुवात होते. ‘अनमान करू नका’, ‘अर्धी तरी घ्या’, ‘लाजू नका, पोटभर होऊ द्या’ ही आग्रहाची वाक्ये होत. पाहुण्याची उत्तरेही ठरलेली आहेत : ‘बास, भरपूर झाले’, ‘आता जागा नाही’, ‘दोन घास जास्तच गेले’, ‘यथास्थित झाले’.

पहिल्या नकाराला नकार न मानणे, हा या संवादाचा मूळ नियम आहे. पाहुणा भिडेपोटी ‘पुरे’ म्हणतो, हे यजमानाने गृहीत धरलेले असते. म्हणून तो पुन्हा विचारतो. व्याह्याच्या पानावर आग्रह कमी पडला तर तो मानापमानाचा विषय होतो. अधिक मासात जावयाला धोंडे जेवायला बोलावतात, तेव्हा तर आग्रह हाच समारंभाचा गाभा असतो. जपानी पाहुण्याचा ‘केक्कोउ देसु’ हा नकार मऊ असला तरी तो नकारच मानला जातो. मराठी पाहुण्याला तो दोन-तीनदा द्यावा लागतो आणि शेवटी हाताने पान झाकावे लागते.

यजमानाच्या नम्रतेचे वचनही ठरलेले आहे. पुरणपोळीचे जेवण असले तरी तो ‘चटणी-भाकर गोड मानून घ्या’ असेच म्हणतो. ‘ओसोमात्सुसामा’ या जपानी वचनाचा हा जवळचा मराठी समांतर प्रयोग होय. पंगतीतील सर्वांचे झाल्याशिवाय कोणी उठायचे नाही, हा आणखी एक संकेत. त्यामुळे तृप्ती ही एकट्याची नसून सर्व पंगतीची असते. शेवटी जाणते लोक ‘अन्नदाता सुखी भव’ असा आशीर्वाद देऊन हात धुण्यास उठतात.

या आशीर्वादाची शब्दरचना विचारात घेण्याजोगी आहे. ‘भव’ हे द्वितीय पुरुषी आज्ञार्थी रूप असल्याने ‘अन्नदाता’ हे संबोधन म्हणून घेतले, तर शुद्ध संस्कृतात ‘अन्नदातः’ असे रूप अपेक्षित आहे. काही ठिकाणी ‘अन्नदात्या सुखी भव’ असे मराठी संबोधनही ऐकू येते. हे वचन पाठशाळेत घोटलेले नसून लोकांच्या तोंडी घडलेले आहे, असे यावरून म्हणता येईल.

‘वाढणे’, ‘पुरे’ आणि ‘भरून पावणे’

मराठी तृप्तिवचने समजून घेण्यासाठी मराठीतील अशुभनिवारक शब्दयोजनेकडे पाहावे लागते. मराठी माणूस निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करीत नाहीत, वाढवतात. घरातील तांदूळ संपले तरी गृहिणी ‘तांदूळ वाढले’ असे म्हणते. संपणे या कल्पनेचा उच्चारच अशुभ मानलेला आहे. ज्या ‘वाढणे’ या क्रियापदाने हा अशुभ अर्थ झाकला जातो, तेच क्रियापद पानात अन्न घालण्यासाठी वापरले जाते, हे विशेष. देणे आणि वृद्धी यांना मराठीने एकच शब्द दिला आहे.

म्हणूनच शिष्ट बोलण्यात ‘जेवण संपले’ असे न म्हणता ‘जेवण झाले’ असे म्हणतात. अन्नाला ‘नको’ म्हणू नये, असे लहान मुलांना शिकविले जाते. ‘पुरे’ हा शब्द त्यातल्या त्यात सुरक्षित आहे, कारण तो ‘पूर्ण’ या अर्थाशी जोडलेला आहे. ‘बास’ हा फारसीतून आलेला शब्द अधिक रोखठोक असून तो घरगुती बोलण्यात चालतो.

‘भरून पावलो’ हा प्रयोग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. मुळात तो देण्याघेण्याच्या व्यवहारातील आहे. येणे असलेली रक्कम पूर्ण मिळाली की ‘भरून पावली’ असे पावतीवर लिहिले जाते. आदरातिथ्याने कृतार्थ झालेला पाहुणा हेच शब्द उच्चारतो. आपले काही येणे बाकी राहिले नाही, अशी जणू पावतीच तो देतो. ‘मला पुरेसे मिळाले’ या जपानी वचनाशी या प्रयोगाचे साम्य आहे. दोन्ही ठिकाणी पोटाचा उल्लेख टळतो आणि स्वीकाराचा उल्लेख होतो.

दख्खनी वातावरणाचा परिणाम

मराठवाड्यात मराठी वचनांच्या शेजारी दख्खनी-उर्दू शिष्टाचाराची भाषा शतकानुशतके नांदली. मुस्लीम कुटुंबांत जेवणाची सुरुवात ‘बिस्मिल्लाह’ने होते आणि शेवट ‘अल्हम्दुलिल्लाह’ने होतो. जेवत असताना कोणी आले तर ‘आइए, बिस्मिल्लाह कीजिए’ असे निमंत्रण दिले जाते. तृप्तीसाठी ‘सेर होना’ असा शब्द आहे. येथे ‘अल्हम्दुलिल्लाह’ हे आभाराचे वचन यजमानाला नव्हे, तर ईश्वराला उद्देशून आहे. मराठी वचन अन्नदात्याला उद्देशून आहे, तर जपानी वचन श्रम करणाऱ्याला. एकाच प्रसंगी आभाराची दिशा समाजपरत्वे कशी बदलते, हे यावरून दिसते.

‘मेजवानी’ आणि जुन्या मराठीतील ‘ज्याफत’ हे शब्द फारसी-अरबी परंपरेतून आले. उरुसातील नियाजचे जेवण, सप्ताहाचा महाप्रसाद आणि शेजारच्या नांदेड येथील सचखंड गुरुद्वाराचा लंगर या तिन्ही ठिकाणी अन्न देणारी व्यक्ती गौण असते व दैवत वा गुरू प्रमुख असतो. तेथे आग्रहाला विशेष स्थान नसते, कारण तेथे कोणी कोणाचा पाहुणा नसतो. शीख परंपरेतही एका ओळीत बसून जेवण्याला ‘पंगत’ हाच शब्द आहे.

न उच्चारलेली तृप्ती

येथवर विचारात घेतलेली सर्व वचने पंगतीत बसलेल्या माणसाची आहेत. जे पंगतीत बसले नाहीत, त्यांचा विचार केल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होणार नाही.

पहिला प्रश्न स्त्रियांचा आहे. ‘अन्नदाता’ हा शब्द पुल्लिंगी आहे आणि व्यवहारात तो घराच्या धन्याला उद्देशून असतो. पहाटे जात्यावर दळणारी, चुलीपुढे बसून भाकरी थापणारी आणि शेवटी वाढणारी स्त्री या आशीर्वादाच्या कक्षेत थेट येत नाही. सुगरणीला ‘अन्नपूर्णा’ म्हणतात खरे, पण तो गौरव आहे, आभार नव्हे. जपानी वचनातील धावपळीचा उल्लेख मराठी वचनात नाही. शिवाय स्त्रियांची पंगत शेवटी बसे. सर्वांना ‘वाढू का?’ म्हणून विचारणारीला ‘तुला वाढू का?’ असे विचारणारे कोणी नसे. त्यामुळे ‘पुरे’ म्हणण्याचा प्रसंगच तिच्या वाट्याला क्वचित येई. जनाबाईंच्या अभंगांत देव दळू-कांडू लागतो. स्त्रीच्या श्रमाला कोणी हात लावावा, ही अपेक्षा येथे देवाकडून पूर्ण करून घेतली आहे. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हाँ यांनी संकलित केलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरील ओव्यांमध्ये परभणी जिल्ह्यातील स्त्रियांच्याही ओव्या आहेत. पंगतीत ज्यांना बोलण्यास जागा नव्हती, त्या स्त्रियांचा आवाज जात्यापाशी उमटला, असे म्हणावे लागेल.

दुसरा प्रश्न जातीचा आहे. पंगत हे समतेचे प्रतीक मानले गेले तरी ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द मराठीतच आहे. एका पंगतीत बसलेल्यांना वाढताना केलेला भेद, असा त्याचा अर्थ. अस्पृश्य मानलेल्या समाजाला तर त्या पंगतीत स्थानच नव्हते. गावकीच्या कामाच्या मोबदल्यात घरोघरी भाकरी मागणे आणि पंगती उठल्यावर उरलेले अन्न मिळविणे त्यांच्या वाट्याला आले. पैठणच्या संत एकनाथांनी (१५३३–१५९९) श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना जेऊ घातल्याची कथा चरित्रकारांनी सांगितली आहे. ही घटना कथेचा विषय व्हावी, यातूनच तिची विरळता समजते.

मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे तुकडे खाण्याचे सोडून देण्याचे आवाहन केले. तृप्तिवचनांच्या इतिहासात ही घटना निर्णायक मानावी लागेल. पंगतीतील पाहुण्याचा ‘नको’ हा भरल्या पोटाचा आणि शिष्टाचाराचा शब्द होता. उष्टे नाकारणाऱ्याचा ‘नको’ हा रिकाम्या पोटाचा आणि स्वाभिमानाचा शब्द ठरला. पहिला ‘नको’ आग्रहाने मोडावा, अशी अपेक्षा होती. दुसरा ‘नको’ कोणीही मोडू शकत नव्हते.

स्वातंत्र्योत्तर काळात दलित आत्मकथनांनी भुकेचा हा इतिहास शब्दबद्ध केला. मराठवाड्यातील प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) हे त्यातील महत्त्वाचे पुस्तक. मराठवाड्यातीलच शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असे नाव दिले. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या परंपरेला दिलेले ते उत्तर आहे. ज्यांच्या वाट्याला अन्नच अपुरे आले, त्यांच्या दृष्टीने ब्रह्मही अपूर्णच राहिले.

तिसरा प्रश्न दुष्काळाचा आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवर मिळणारा मिलो या दोन शब्दांत त्या पिढीची आठवण साठलेली आहे. याच वर्षी १८ मे रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे त्याच विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले. १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. दुष्काळाच्या काळात तृप्तिवचनांचा अर्थ उलटा होतो. घरात भाकरी मोजक्या असताना पाहुणा ‘आत्ताच जेवून आलो’ असे म्हणतो आणि आई मुलांना ‘माझे पोट भरले, तुम्ही खा’ असे सांगते. ही दोन्ही वाक्ये खोटी असतात, पण त्यांना कोणी असत्य म्हणणार नाही. पाहुण्याच्या वाक्याने यजमानाची अब्रू झाकली जाते आणि आईच्या वाक्याने मुलांची भूक भागते. तृप्तीची भाषा शिष्टाचाराच्या पलीकडे जाऊन त्यागाची भाषा कशी होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

परिवर्तनाची दिशा

१९९० नंतर मंगल कार्यालये व बुफे पद्धती ग्रामीण भागापर्यंत पोहोचली. पत्रावळीची जागा थाळीने आणि वाढप्याची जागा रांगेने घेतली. स्वतःच्या हाताने वाढून घेणाऱ्याला ‘पुरे’ म्हणण्याचे कारण उरत नाही. यजमान प्रवेशद्वाराशी ‘जेवून जा’ एवढेच म्हणतो. आग्रह कमी झाल्याने पाहुण्याची सुटका झाली, परंतु उष्ट्याचे प्रमाण घटले असे मात्र दिसत नाही. बुफेमुळे पंगतीतील बसण्याचा क्रम व त्यातील भेद पुसट झाले, ही त्याची जमेची बाजू होय. घराघरांतून स्त्री-पुरुष एकत्र जेवू लागले, हा बदलही तितकाच महत्त्वाचा आहे. सप्ताह, भंडारा व उरूस या प्रसंगी मात्र जमिनीवरील पंगत टिकून आहे आणि तिच्यासोबत जुनी वचनेही टिकून आहेत.

निष्कर्ष

१) मराठी तृप्तिवचनांचे मूळ उत्तरापोशनासारखे विधी, बौद्ध-जैन मिताहाराचे नियम आणि संतांची सामूहिक भोजनाची कल्पना यांच्या संयोगात आहे.

२) जपानी व मराठी शिष्टाचारात यजमानाची नम्रता, पोटाचा उल्लेख टाळणे आणि स्वीकाराची भाषा या बाबतीत साम्य आहे. जपानी वचनात श्रमाचा आदर केंद्रस्थानी आहे, तर मराठी वचनात दात्याचे कल्याण.

३) ‘वाढणे’, ‘पुरे’, ‘भरून पावणे’ या शब्दांतून अन्न संपते ही कल्पनाच टाळण्याची मराठी वृत्ती प्रकट होते. वारंवार अवर्षण सोसणाऱ्या प्रदेशात या वृत्तीला विशेष अर्थ प्राप्त होतो.

४) तृप्ती उच्चारण्याचा अधिकार दीर्घकाळ पंगतीत बसणाऱ्या पुरुषापुरता मर्यादित होता. स्त्रिया व दलित यांना तो सामाजिक संघर्षातून मिळवावा लागला. १९२७ नंतरचा स्वाभिमानाचा ‘नको’ हा या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे.

‘अन्नदाता सुखी भव’ या वचनात पिकविणारा, दळणारी, रांधणारी आणि वाढणारा या सर्वांचा समावेश आहे, असे मानूनच पुढील पिढ्यांना ते शिकवावे लागेल. तसे केले नाही तर हे वचन केवळ यजमानाच्या कौतुकापुरते उरेल. ज्या भाषेने वाढणे आणि वृद्धी यांना एक शब्द दिला, त्या भाषेच्या व्यवहारात वाढणारीचे पानही भरलेले असणे क्रमप्राप्त आहे.